नाशिक ते जव्हार एका दिवसात : बुकिंगआधी एवढं वाचून घ्या

जव्हार म्हटलं की आपल्याकडे दाभोसाचा धबधबाच आठवतो, पावसाळ्यात तर फोन उचलला की पहिला प्रश्न तोच, दाभोसा दाखवणार ना? दाखवणार, पण ही सहल मुळात जव्हारच्या वारली चित्रांसाठी आहे, म्हणून वेळ कुठे जातो ते आधीच सांगतो, नंतर कुणाचा हिरमोड नको.

गाडी सकाळी ६ ला नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावरून निघते, मग सातपूरला पिकअप आणि पुढे त्र्यंबक, तोरंगण घाट, मोखाडा, असं साधारण ८० किमी. पूर्वी आम्ही ७ ला निघायचो, पण एका जुलैत घाटात असं धुकं उतरलं की पुढची गाडी दिसेना, पोचायलाच उशीर झाला, चित्रांचा वेळ कापावा लागला, लोक नाराज होऊन परतले आणि ते आम्हालाही फार लागलं. तेव्हापासून ६ म्हणजे ६.

जव्हारला आधी जयविलास, मुकण्यांचा दगडी राजवाडा. महादेव कोळी समाजातलं हे घराणं, संस्थान १९४८ ला विलीन होईपर्यंत राज्य त्यांचंच. वाडा खासगी आहे, त्यामुळे आत जिथपर्यंत सोडतील तिथपर्यंतच. मग शिरपामाळ, १६६४ च्या सुरत स्वारीला जाताना शिवाजी महाराज इथे थांबले होते असं सांगतात, उंचावरून दरी छान दिसते, अर्धा तास पुरतो.

त्यानंतर पाड्यावर पूर्ण अडीच तास, आणि यात आम्ही एक मिनिटही कमी करत नाही. वारली चित्र मुळात बायकांचं, लग्नघरात सवाष्णी भिंतीवर चौक, म्हणजे लग्नाचं चौकोनी चित्र, लिहायच्या, मधे पालघाट देवी. पुढे डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशेंनी ते रोजच्या रोज कागदावर काढलं आणि जगभर नेलं, २०११ ला त्यांना पद्मश्री मिळाली. पाड्यावर तुम्हाला गेरूने सारवलेला कागद, तांदळाच्या पिठाचा डिंक घातलेला रंग आणि बांबूची काडी मिळते, काडीचं टोक चावून त्याचा ब्रश करायचा. माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, वाटतं सोपं, पण तारपा वाजवणाऱ्याभोवतीचा नाच काढायला बसलात की कळतं, फेर गुंडाळत न्यायचा आणि प्रत्येकाचा हात शेजारच्याच्या कमरेला पोचवायचा, तिथे भल्याभल्यांचा हात थांबतो. मुलांना हे सगळ्यात जास्त आवडतं, शक्यतो आणाच.

जेवण तिथेच, नागलीची भाकरी, उडदाचं वरण, पावसाळ्यात रानभाजी. मग दाभोसा तासभर, पाणी जास्त असेल तर खाली उतरू देत नाही, कृपया आग्रह करू नका. रात्री ८-८.३० पर्यंत नाशिक.

दोन विनंत्या मात्र मनापासून. घरात शिरून फोटो काढण्याआधी घरच्या बाईला विचारा. आणि चित्र घेताना घासाघीस नको, बारीक जाळीचं काम असलेल्या चित्राला कित्येक दिवस जातात. पैसे थेट कलाकाराच्या हातात द्यायचे, आमचं त्यात कमिशन नाही, फक्त कॅश जवळ ठेवा कारण पाड्यावर नेटवर्कचा भरवसा नसतो. चित्र गुंडाळून न्यायला झाकणाची नळी आम्ही देतो, पावसात ती उघडू नका, तांदळाचा रंग भिजला की बोटाला येतो.