‘बोच्चान’चा सरळपणा: एका पराभूत शहराचा वारसा

जपानी लेखक नात्सुमे सोसेकी यांची ‘बोच्चान’ ही छोटेखानी कादंबरी एप्रिल १९०६ मध्ये ‘होतोतोगिसु’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. तोक्योहून शिकोकू बेटावरच्या एका शाळेत गणित शिकवायला गेलेला तापट तरुण, तिथल्या शिक्षकांतली कारस्थाने आणि अखेर त्याने नोकरीवर सोडलेले पाणी, एवढेच तिचे कथानक आहे. जपानी वाचक पिढ्यानपिढ्या ती हसतखेळत वाचत आले. त्या हसण्याखाली मला मात्र एक शोक ऐकू येतो, आणि नायकाचा प्रामाणिकपणा कोठून आला हे समजून घ्यायचे तर त्या शोकाचा इतिहास पाहावा लागतो.

१८६८ मध्ये जपानवर पिढ्यानपिढ्या राज्य करणाऱ्या तोकुगावा शोगुनांची, म्हणजे लष्करी शासकांची, सत्ता कोसळली, एदो शहराचे नाव तोक्यो झाले आणि सात्सुमा, चोशू या विजेत्या संस्थानांतली माणसे नव्या सरकारात मोक्याच्या जागी बसली. सोसेकींचा जन्म त्याच्या आदल्या वर्षी, फेब्रुवारी १८६७ मध्ये, एदोतच झाला होता. त्यांच्या घराण्याकडे आसपासच्या वस्त्यांचे वंशपरंपरागत प्रमुखपद होते. नव्या राज्यव्यवस्थेत ते पद संपुष्टात आले. पुढच्या पिढीपुढे शिका, पदवी मिळवा, वर चढा, हा एकच मार्ग ठेवण्यात आला. सॅम्युएल स्माइल्स यांच्या स्वावलंबनावरील पुस्तकाचा जपानी अनुवाद १८७१ पासून प्रसिद्ध होऊ लागला आणि त्या काळात तो अफाट खपला, यावरून हवा कोणत्या दिशेने वाहत होती ते कळते.

कादंबरीतली माणसे या पराभवाच्या नकाशावर नेमकी कोठे उभी आहेत, हे सोसेकी अगदी सहज जाता जाता सांगतात. नायकाला लहानपणापासून जीव लावणारी म्हातारी मोलकरीण कियो ही मूळची चांगल्या घराण्यातली. शोगुनशाही ढासळली तेव्हा तिचे घर बुडाले आणि तिच्यावर दुसऱ्याच्या घरी काम करण्याची वेळ आली. नायक स्वतःचे मूळ शोगुनाच्या थेट चाकरीतील सामुराई घराण्यात सांगतो. त्याचा सहकारी होत्ता, ज्याला तो ‘साळिंदर’ म्हणतो, आइझूचा आहे; शोगुनाच्या बाजूने १८६८ च्या शरद ऋतूपर्यंत झुंजून हरलेला तो प्रदेश. त्यांच्यासमोर आहे ‘लाल शर्ट’ हे टोपणनाव मिळालेला उपमुख्याध्यापक: गोड बोलणारा, विद्यापीठाची पदवी मिरवणारा आणि दुसऱ्याची वाग्दत्त वधू पटवताना त्या दुसऱ्याची बदली दूर क्यूशूतल्या नोबेओकाला घडवून आणणारा.

मालकाच्या मुलाला नोकरचाकर ज्या लाडिक आदराने हाक मारतात, ती ‘बोच्चान’ ही हाक. आपल्याकडचे ‘बाळासाहेब’ तिच्या जवळ जाते. कियोच्या तोंडी तिच्यात माया असते, विरोधकाच्या तोंडी तीच हाक जग न कळलेल्या पोराची हेटाळणी होते. हेटाळणीला जागाही आहे. हा तरुण गावच्या लोकांना सरसकट तुच्छ लेखतो, कोणाचे काही ऐकले की लगेच विश्वास ठेवतो, आणि लाल शर्टाच्या सूचक बोलण्यावरून होत्तालाच विद्यार्थ्यांना भडकावणारा समजून बसतो. तसे वाटताच तो काय करतो, ते पाहण्यासारखे आहे. होत्ताने पूर्वी त्याला बर्फाचे पाणी पाजले होते, त्याचे दीड सेन (सेन म्हणजे येनचा शंभरावा भाग) तो होत्ताच्या टेबलावर आणून ठेवतो. होत्ता ते घेत नाही, हाही उचलत नाही, आणि नाणी तिथेच धूळ खात पडतात. कियोकडून घेतलेले तीन येन मात्र त्याने पाच वर्षांत परत केलेले नाहीत, आणि ते मुद्दाम. कारण कियोला तो परकी मानतच नाही. ज्याला आपण माणूस म्हणून मानतो त्याचेच उपकार अंगावर ठेवावेत, असा त्याचा हिशेब आहे. चूक उमगल्यावर तो एक शब्दही न बोलता नाणी उचलून आपल्या पाकिटात टाकतो. मला तर या दीड सेनमध्ये त्याचे सारे शील दिसते: निवाडा चुकू शकतो, पण तो मोडून काढण्याची लाज त्याला वाटत नाही.

शिक्षकांच्या बैठकीतही हेच घडते. रात्रपाळीच्या पहाऱ्यावर असलेला शिक्षक गरम पाण्याच्या झऱ्यावर स्नानाला गेला, हे होत्ता बोलून दाखवतो तेव्हा नायक ताडकन उठून सांगतो की आपण खरोखर गेलो होतो, ते चूक होते, माफी मागतो. सगळे हसतात. आपला दोष उघड कबूल करणारा माणूस त्या खोलीत हास्यास्पद ठरतो.

सोसेकी स्वतः १८९५ मध्ये शिकोकूवरील एहिमे प्रांतातल्या मात्सुयामा येथील माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवायला गेले होते. नायकाचा पगार दरमहा ४० येन, त्यांचा ८० होता. १९१४ मध्ये गाकुशूइन या तोक्योतील उमरावांच्या शिक्षणसंस्थेत दिलेल्या ‘माझा व्यक्तिवाद’ या व्याख्यानात ते म्हणाले की, त्या शाळेत साहित्याची पदवी असलेले आपण एकटेच होतो, तेव्हा पात्रांची खरी माणसे शोधायचीच असतील तर लाल शर्ट आपणच ठरू. ही कबुली मला फार महत्त्वाची वाटते. नव्या व्यवस्थेने ज्याला पदवी, परदेशवास आणि तोक्यो विद्यापीठातली जागा दिली, त्या लेखकाने आपले प्रेम हरलेल्या बाजूला दिले आणि आपली पदवी खलनायकाला. कादंबरी छापून आल्याच्या पुढच्याच वर्षी, १९०७ मध्ये, त्यांनी विद्यापीठ सोडले आणि ‘असाही’ वृत्तपत्रात लेखक म्हणून नोकरी धरली.

कादंबरीत न्याय असा होत नाहीच. नायक आणि होत्ता लाल शर्टाला चोप देतात आणि निघून जातात. नोबेओकाची बदली रद्द होत नाही, लाल शर्ट जागचा हलत नाही. तोक्योत नायक ट्रामच्या कंपनीत २५ येनांवर तंत्रज्ञ होतो आणि ६ येन भाड्याच्या घरात कियोला घेऊन राहतो. फेब्रुवारीत ती न्यूमोनियाने जाते. मरणाच्या आदल्या दिवशी तिने मागितले एवढेच की, आपल्याला बोच्चानच्या घराण्याच्या मंदिरात पुरावे, तिथे आपण त्याची वाट पाहू. म्हणून तिची कबर तोक्योतल्या कोबिनाता येथील योगेन्जी मंदिरात आहे, असे सांगून नायक थांबतो.