येळवशीची भज्जी आणि राखणीचं कुत्रं

येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येच्या शेतातल्या सणाला, लातूर-धाराशिवकडच्या शिवारात माणसांची जेवणं उरकली की उरलीसुरली भज्जी (भाज्या आणि हिरवे दाणे एकत्र शिजवलेलं आंबट कालवण) उंड्यावर, म्हणजे पिठाच्या उकडलेल्या गोळ्यांवर, ओतून कडब्याच्या कोपीबाहेर कुत्र्यापुढं सरकवतात. ते ताटली चाटून लख्ख करतं. तिखट बाधेल का, एवढीच आपल्याला काळजी. पण भज्जीतली खरी भानगड कांद्याची पात, लसूण आणि चिंचेचा कोळ ही आहे.

कांदा-लसणातली गंधकाची संयुगं कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशींतलं हिमोग्लोबिन नासवतात. ते गोळा होऊन पेशीच्या कडेला फोडासारखं चिकटतं. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या या फोडाला हाइन्झ बॉडी म्हणतात. अशा पेशी टिकत नाहीत, फुटतात. शिजवल्यानं किंवा वाळवल्यानं हा गुण जात नाही, म्हणजे कांदा-लसूण मसालाही आलाच. वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून जास्त कांदा एकदम पोटात गेला की विषबाधेची धास्ती असते. १० किलोच्या कुत्र्याला हे झाले ५० ग्रॅम, साधारण अर्धा कांदा. लसूण त्याहून जहाल. एका ताटलीत इतकं नसेलही, पण रोज कालवणात भाकर कुस्करून घालणाऱ्या घरात थोडं थोडं करत त्रास होऊ शकतो.

पंचाईत अशी की कुत्रं लगेच पडत नाही. काही दिवसांनी मलूल होतं, हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी काळ्या चहासारखी होते. तोवर भज्जी कुणाच्या ध्यानात राहते? त्यात आपल्याकडं गोचिडांचा सुकाळ, आणि गोचिडांमुळं होणाऱ्या बबेसिओसिसमध्येही नेमकं असंच दिसतं. डॉक्टर आधी गोचीड शोधणार, त्यात त्यांचं काही चुकत नाही. मागच्या आठवड्यात कुत्र्यानं काय काय खाल्लं, ते आपणच सांगायला हवं.

चिंचेची गोष्ट तर अलीकडची. द्राक्षं-बेदाण्यांनी कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होतात हे ठाऊक होतं, कारण सापडत नव्हतं. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यकांनी बोट ठेवलं ते टार्टारिक आम्लावर. चिंचेचा आंबटपणा मुख्यतः याच आम्लाचा, आणि चिंच खाल्लेल्या कुत्र्यांच्या मूत्रपिंडांनाही तशीच इजा झाल्याच्या नोंदी पुढच्याच वर्षी छापून आल्या. आमच्या बांधावरच्या चिंचेखाली गाभुळलेल्या चिंचा पडून असतात. त्यांच्याकडं मी तेव्हापासून जरा संशयानंच बघतो.

चॉकलेट वाईट, हे एव्हाना बऱ्याच जणांना माहीत आहे. साखर नसलेल्या च्युइंगममधलं झायलिटॉल मात्र त्याहून घाईचं काम: अर्ध्या तासातही रक्तातली साखर कोसळू शकते. असं काही पोटात गेलंच, तर मिठाचं पाणी पाजून ओकारी काढायला जाऊ नका. त्या मिठानंच कुत्री दगावतात.

यंदा आम्ही कुत्र्याच्या वाट्याचे उंडे भज्जी ओतायच्या आधीच काढून ठेवले. त्यानं ते हुंगले, नाक फिरवलं आणि पुन्हा पातेल्याजवळ जाऊन बसलं.