झीरोइंग (जुन्या लष्करी रायफलीवरील दुर्बिणीचे)

ठरावीक पल्ल्यावर दुर्बिणीतील खूण आणि गोळीचा मारा एकाच ठिकाणी यावा म्हणून करावयाची जुळवणी. प्रस्तुत नोंद मुख्यतः ली-एनफिल्ड क्रमांक ४ मार्क १ (टी) ही .३०३ रायफल आणि तिची क्रमांक ३२ दुर्बीण यांपुरती आहे. इंदूर परिसरात या विषयाची जाण प्रामुख्याने दोन ठिकाणांशी जोडलेली आहे: महूचे इन्फन्ट्री स्कूल आणि इंदुरातील सीमा सुरक्षा दलाची सेंट्रल स्कूल ऑफ वेपन्स अँड टॅक्टिक्स. या दुसऱ्या संस्थेचे शस्त्रसंग्रहालयही आहे.

क्रमांक ३२ दुर्बीण मुळात कशासाठी बनवली, याविषयी लेखनात एकवाक्यता नाही. ती आरंभापासून रायफलीचीच होती असे काही ठिकाणी गृहीत धरलेले दिसते. पण ती ब्रेन मशीनगनसाठी आखली गेली व मागाहून रायफलीवर आली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. सुरुवातीच्या ब्रेनच्या डाव्या बाजूस दुर्बिणीसाठी खाच असे. पल्ल्याचा ड्रम (दुरुस्तीसाठी फिरवायची, आकडे असलेली चकती) १,००० यार्डांपर्यंत ५० यार्डांच्या टप्प्यांनी आखलेला होता. ही आखणीही नेमबाजापेक्षा मशीनगनला साजेशी आहे. १९४२ पासून लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडने निवडक रायफलींवर ती बसवली. अशा रायफलींची एकूण संख्या साधारण २३,००० ते २६,००० च्या दरम्यान धरतात.

दुर्बिणीचे तीन मार्क, म्हणजे आवृत्त्या, आहेत. पहिल्यात पल्ल्याचा टप्पा ५० यार्डांचा आणि आडव्या दुरुस्तीची टिचकी (ड्रमचा एक खटका) २ मिनिटांची; मिनिट म्हणजे कोनाच्या अंशाचा साठावा भाग. दुसऱ्यात (सुमारे १९४३) दोन्ही टिचक्या १ मिनिटाच्या झाल्या. या दोन्हींत ड्रमची आकड्यांची पट्टी मोकळी करण्यास खास चावी लागते आणि पट्टी फिरवताना आतली खूण हलू द्यायची नसते. एकट्याला हात अपुरे पडतात. तिसऱ्यात (सुमारे १९४४) चावीची गरज उरली नाही.

झीरो, म्हणजे जुळवलेला नेम, टिकतो तो संपूर्ण संचाचा, एकट्या दुर्बिणीचा नव्हे. रिसीव्हरच्या (बोल्ट सामावणाऱ्या मुख्य सांगाड्याच्या) डाव्या अंगावरील दोन बैठका त्या त्या रायफलीपुरत्या जुळवलेल्या असतात. म्हणून कंसावर (दुर्बीण धरणाऱ्या चौकटीवर) रायफलीचा आणि दस्त्याच्या मानेवर दुर्बिणीचा क्रमांक ठोकलेला असतो. परकी दुर्बीण चढवल्यास ड्रम फिरवून नेम जुळतो खरा, पण या रचनेत दुरुस्तीबरोबर खूणच सरकत असल्याने ती दृष्टिक्षेत्राच्या कडेला जाते आणि पुढच्या दुरुस्तीला जागा उरत नाही. संग्राहक ‘जुळत्या क्रमांकां’चा आग्रह धरतात त्यामागे बाजारभावाइतकेच हेही कारण आहे.

गोळी झाडण्यापूर्वी पुढची बैठक हलते का ते पाहावे. ती सैल होणे हा या रायफलीचा जुना दोष आहे. कंसाचे दोन्ही हातस्क्रू, ट्रिगर-गार्डचा पुढचा स्क्रू आणि दस्त्याचा बोल्ट घट्ट असावेत. क्रमांक ४ मध्ये लाकडाने नळीला तोंडाशी २ ते ७ पौंडांचा वरचा दाब द्यावा लागतो. पावसाळ्यात लाकूड फुगून हा दाब बदलला की उन्हाळ्यातला झीरो उभ्या दिशेत सरकतो, आणि दोष मात्र दुर्बिणीवर येतो.

त्यानंतर बोल्ट काढून रायफल टेकूवर पक्की ठेवतात. नळीतून २५ यार्डांवरील चांदाचा (लक्ष्यफलकाचा) मध्य दिसेल अशी ती लावायची, आणि न हलवता दुर्बिणीची खूण त्याच मध्यावर आणायची. दुर्बीण नळीच्या रेषेपेक्षा सुमारे २ इंच उंच धरली, तर १०० यार्डांचा झीरो असलेल्या रायफलीची मार्क ७ गोळी (१७४ ग्रेन, सुमारे २,४४० फूट प्रतिसेकंद) २५ यार्डांवर नेमापेक्षा जवळजवळ १ इंच खाली लागते. तिथे नेमका मध्य साधण्याचा हट्ट केल्यास लांबवर मारा उंच जातो.

मग १०० यार्डांवर पाच गोळ्या झाडतात. दुरुस्ती एका गोळीवरून नव्हे, गटाच्या मध्यावरून करावी. या पल्ल्यावर १ मिनिट म्हणजे १.०५ इंच; म्हणून गट ४ इंच खाली व ३ इंच उजवीकडे असल्यास मार्क २ वर चार टिचक्या वर, तीन डावीकडे. जुन्या आट्यांत खेळ असतो. म्हणून ड्रमवरील इच्छित आकड्याच्या थोडे पुढे जाऊन परत यावे आणि दरवेळी त्याच दिशेने यावे. पुन्हा पाच गोळ्या. गट जुळला की पट्ट्या मोकळ्या करून पल्ल्याचा ड्रम १ वर (म्हणजे १०० यार्ड), आडवा शून्यावर आणून कसतात. कसताना खूण सरकणे ही नेहमीची चूक. शेवटी एक गट झाडून खात्री करावीच लागते.

कॉर्डाइट (काडतुसातील दारू) तापली की गोळीचा वेग वाढतो. त्यामुळे जानेवारीतल्या पहाटेचा झीरो मे महिन्यातल्या दुपारी थोडा वर मारतो. या दुर्बिणीत नायट्रोजन भरलेला नसतो. दमटपणाने आत धुके धरते, भिंगांवर बुरशी चढते आणि भिंगे चिकटवणारा बाल्सम पिवळा पडतो.

.३०३ हा भारतात प्रतिबंधित बोअर (नळीचा व्यास) असल्याने नागरी परवान्यावर बहुधा ली-एनफिल्ड धर्तीची .३१५ रायफलच आढळते. तिला दुर्बिणीच्या बैठका नसतात. बैठक बसवणे वा दुरुस्ती करणे हे काम परवानाधारक कारागिराचे.