वार्षिक आकड्यांतून तिमाही श्रेणी : पार्श्वभूमी

वार्षिक श्रेणी, म्हणजे वर्षागणिक एक अशी आकड्यांची मालिका, तिमाही किंवा मासिक करून घेणे आज सांख्यिकी सॉफ्टवेअरच्या मेनूतला एक पर्याय निवडण्याइतके सोपे झाले आहे. मुळात ही गरज राष्ट्रीय उत्पन्नाचे हिशेब ठेवणाऱ्या कार्यालयांची. सविस्तर अंदाज वर्षातून एकदा तयार होई, धोरण ठरवणाऱ्यांना मात्र तिमाहीचे चित्र हवे असे. १९६० च्या दशकात त्यासाठी दोन वाटा चोखाळल्या गेल्या. हाताशी फक्त वार्षिक आकडे असतील, तर बेरीज कायम ठेवून ते शक्य तितके सलग, म्हणजे अचानक उड्या न घेता बदलणारे, दिसतील असे चार तिमाहींत वाटायचे. किंवा औद्योगिक उत्पादन, किरकोळ विक्री अशा वारंवार मिळणाऱ्या निर्देशकाच्या चालीवरून ते बसवायचे.

निर्देशकाच्या वाटेवरच्या दोन मुख्य पद्धती १९७१ सालच्या. चाऊ-लिन पद्धतीत वार्षिक पातळीवर समाश्रयण (रिग्रेशन) करून निर्देशकाशी असलेले नाते काढतात आणि ते तिमाहीला लावतात. उरलेली तफावत तिमाहींत वाटताना लगतच्या तिमाहींच्या तफावतींचा आपसातला सहसंबंध धरला जातो. डेंटन पद्धतीत नात्याचा अंदाज नसतो. निर्देशकाच्या चढउतारांना कमीत कमी धक्का लावून वार्षिक बेरीज जुळवली जाते. मूळ सूत्रात श्रेणीच्या आरंभी कृत्रिम हेलकावा येई. तो १९८४ च्या दुरुस्तीने गेला. तरीही ‘डेंटन’ या एकाच नावाखाली कुठे मूळ सूत्र असते, कुठे सुधारित, म्हणून पहिल्या काही तिमाहींचे आकडे वेगळे दिसू शकतात. तिमाही राष्ट्रीय लेख्यांच्या २००१ च्या एका आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने डेंटनच्या प्रमाणाधारित रूपाला, म्हणजे निर्देशकाशी असलेले गुणोत्तर शक्य तितके सलग ठेवणाऱ्या रूपाला, पसंती दिली.

खरा वाद नंतरचा आहे, आणि तो निर्देशकाशिवाय केलेल्या रूपांतराचा. ईव्ह्यूज या अर्थमितीच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी ‘क्वाड्रॅटिक मॅच’ हा पर्याय आहे. वार्षिक आकडा चार तिमाहींची बेरीज असेल, जसे उत्पादन, तर ‘सम’ घ्यायचे. सरासरी असेल, जसा व्याजदर, तर ‘अ‍ॅव्हरेज’. इथे चूक झाली तर पातळी चौपट किंवा पाव होते, म्हणून ती लगेच पकडली जाते. न दिसणारी अडचण पुढे आहे. ही पद्धत साधारणपणे आधीचे, चालू आणि पुढचे अशी तीन वर्षे घेऊन त्यांतून द्विघाती वक्र बसवते. समजा, तीन वर्षांचे आकडे ४००, ४४० आणि ५०० आहेत. मधल्या वर्षाची पहिली तिमाही सुमारे १०५.५ येते. तिसऱ्या वर्षी ५०० ऐवजी ४६० नोंदले गेले, तर तीच तिमाही १०७.० होते. मधले वर्ष ४४० वर जागच्या जागी आहे. बदलले ते फक्त पुढचे वर्ष. म्हणजे त्या तिमाहीच्या आकड्यात तेव्हा कोणालाही ठाऊक नसलेली माहिती शिरलेली असते.

असे असूनही तीस वर्षांच्या श्रेणीची १२० निरीक्षणे करून त्यांवर ग्रेंजर कार्यकारण चाचणी (एका चलाचे आधीचे आकडे दुसऱ्याच्या पुढच्या आकड्यांचा अंदाज सुधारतात का, हे पाहणारी) किंवा सहएकात्मतेची चाचणी (दोन श्रेणी दीर्घकाळ एकमेकींसोबत चालतात का, हे पाहणारी) चालवणारे संशोधन लेख मोठ्या संख्येने निघतात. नमुना लहान आहे, म्हणून वाढवला, असे समर्थन असते. ते मान्य करण्यासारखे नाही. माहिती तीस आकड्यांचीच राहते. शेजारच्या तिमाही एकाच वक्रावरच्या असल्याने त्यांचा परस्परसंबंध कृत्रिमरीत्या वाढतो, आणि त्या स्वतंत्र निरीक्षणे आहेत असे धरून काढलेल्या प्रमाण त्रुटी (अंदाजातील अनिश्चिततेची मापे) खऱ्यापेक्षा लहान दिसतात. आधी काय घडले आणि नंतर काय, याचाच निवाडा ग्रेंजर चाचणी करते. तिला पुढच्या वर्षाचे आकडे मिसळलेली श्रेणी देणे म्हणजे चाचणीचा पायाच काढून घेणे होय. ईव्ह्यूजच्या सोबतची माहिती या पद्धतीला मर्यादित जागा देते: श्रेणी बरीच सलग हवी, भरायचे बिंदू थोडेच हवेत, आणि वर्षांच्या सीमेवर वक्र जुळेलच असे नाही. बहुतेक लेखांत मात्र रूपांतराला एकच वाक्य मिळते.

चाऊ-लिन, डेंटन आणि त्यांची पुढची रूपे आता आर या सांख्यिकीच्या संगणकीय भाषेतल्या मोफत पॅकेजमध्येही मिळतात, त्यामुळे निर्देशक असताना द्विघाती वक्राकडे जाण्याचे कारण उरलेले नाही. निर्देशकच नसेल, तर २००० नंतर रुळलेली मिश्र वारंवारतेची मॉडेले वार्षिक चल वार्षिकच ठेवून तिमाही चलाशी त्याचे नाते तपासतात.

तिमाही जीडीपीलाही पुढच्या माहितीचा स्पर्श होतोच. चालू वर्षाचा वार्षिक आकडा नसताना निर्देशकाच्या आधारे तिमाही अंदाज दिले जातात. वार्षिक आकडा आला की फक्त त्याच वर्षाच्या नव्हे, आधीच्या काही तिमाहीही हलतात. फरक इतका की तिथे हा बदल सुधारित अंदाज म्हणून प्रसिद्ध होतो, आणि पहिला अंदाज काय होता हे वापरणाऱ्याला पाहता येते.