मुतखड्याचा दणका आणि खोक्यातलं यंत्र

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा व्यापार करणाऱ्या माझ्या एका मित्राने परवा मोबाइल पुढे केला आणि आवाज खाली आणून विचारलं, "सर, ह्यात काय तथ्य हाय का बघा जरा." जाहिरातीत मुठीत मावेल एवढं यंत्र होतं. घरच्या घरी, कुणालाही न कळता, ध्वनिलहरींनी लिंगाच्या ताठरतेची तक्रार घालवा, असा दावा. मित्र त्रेपन्न वर्षांचा, आठ वर्षांपासून मधुमेही. हा प्रश्न त्याने डॉक्टरांना न विचारता पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या मला विचारला, कारण माझ्याशी त्याला यंत्राबद्दल बोलता येत होतं, स्वतःबद्दल बोलायची गरज नव्हती.

म्हणून मीही यंत्रापासूनच सुरुवात केली.

लहर म्हणजे दाबाचा चढउतार. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत एखादा कारागीर सतारीच्या घोडीची जवारी काढत, म्हणजे तारा टेकतात ती पट्टी घासून सूर जुळवत, बसलेला असतो. तार छेडली की ती सेकंदाला सव्वाशेच्या आसपास वेळा थरथरते, जवारीमुळे तिच्यात वरचे सूर मिसळतात आणि खोली भरून जाते. पण खोली भरून टाकणाऱ्या त्या लहरीतला दाबाचा फरक वातावरणाच्या दाबाच्या दहा हजाराव्या भागाएवढाही नसतो. दाब हळुवार चढतो, हळुवार उतरतो.

शॉकवेव्ह, म्हणजे दणक्याची लहर, ही वेगळीच गोष्ट; जाहिरातवाले अभ्यास दाखवतात ते हिचे. एका सेकंदाचे शंभर कोटी भाग केले, तर त्यातल्या जेमतेम दहा भागांत दाब वातावरणाच्या शेकडो पट चढतो आणि लगेच कोसळतो. जर्मनीतल्या डॉर्नियर या विमान कंपनीचे अभियंते, अतिवेगवान विमानांवर पावसाचे थेंब आपटून पत्र्याला खड्डे का पडतात, याचा अभ्यास करत होते. त्या अभ्यासातून एक कल्पना निघाली: असा दणका शरीराबाहेर निर्माण करायचा, पाण्यातून आत पाठवायचा आणि भिंगाने ऊन एका ठिपक्यावर आणावं तसा मूत्रपिंडातल्या खड्यावर नेमका आणायचा. फेब्रुवारी १९८० मध्ये म्युनिकला पहिल्या रुग्णाचा मुतखडा असा फोडला गेला. तेव्हा रुग्णाला पाण्याच्या टबात बसवत. आज आपल्याकडे ‘शॉक देऊन खडा फोडला’ म्हणतात ते हेच. पाणी किंवा जेल मध्ये हवंच, कारण हवेचा पातळसा थर आला तरी लहर जवळजवळ सगळी मागे परतते.

पुढे प्रश्न आला, दणका खूप सौम्य केला तर? खडा फोडायला लागते त्याच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढ्या ऊर्जेत ऊतक फाटत नाही, त्याला फक्त ताण जाणवतो. प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं, की या ताणाने रक्तवाहिन्यांच्या पेशी नव्या केशवाहिन्या फुटायला मदत करणारी रसायनं सोडतात. हृदयावर हे आधी करून पाहिलं होतं. २०१० मध्ये इस्रायलच्या हैफा शहरातल्या डॉक्टरांनी वीस पुरुषांवर ताठरतेसाठी वापरून पाहिलं: एका वेळी पंधराशे सौम्य दणके, आठवड्यातून दोनदा, तीन आठवडे; मग तीन आठवडे सुट्टी आणि पुन्हा तीन आठवडे. निकाल आशा वाढवणारे होते. पण या वीस जणांशी तुलना करायला खोटा उपचार घेतलेला दुसरा गट नव्हता, आणि ताठरतेच्या बाबतीत तर नुसत्या विश्वासानेही बराच फरक पडतो. म्हणून नंतर खऱ्या आणि बनावट (दिसायला तशाच, पण दणका न देणाऱ्या) यंत्रांची तुलना करणाऱ्या चाचण्या झाल्या. काहींत फायदा दिसला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १२६ पुरुषांवरच्या डेन्मार्कच्या चाचणीत दिसला नाही. अमेरिकेच्या यूरॉलॉजी संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत हा उपचार अजून प्रायोगिक मानला. युरोपातल्या संघटनेने रक्तवाहिन्यांमुळे आलेल्या सौम्य तक्रारीत तो वापरून पाहायला हरकत नाही म्हटलं, पण शिफारस दुबळी आहे हेही त्यातच नोंदवलं.

एवढं सगळं झालं ते दवाखान्यातल्या खऱ्या शॉकवेव्हबद्दल. मुठीत मावणाऱ्या यंत्रात बहुधा ती नसतेच.

त्यात एक छोटा धातूचा तुकडा नळीतून वेगाने येऊन टोकावर आदळतो. हातोडीने छिन्नीवर ठोकावं तसं. त्यातून निघणारी लहर ‘रेडियल’, म्हणजे टोकापासून चहूकडे पसरणारी. दाब पुष्कळच कमी, आणि तो चढायला लागणारा वेळ शेकडो पट जास्त. तिचा जोर कातडीवरच सर्वांत अधिक असतो आणि आत जाईल तसा ओसरतो. टाचदुखीवर अशी यंत्रं फिजिओथेरपीत वापरतात, ती वापरण्यात काही गैर नाही. पण ताठरतेसाठी रेडियल यंत्राची बनावट यंत्राशी तुलना करणारी चाचणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात दोन्ही गटांत फरक आढळला नाही. जाहिरातवाले खऱ्या शॉकवेव्हचे अभ्यास पुढे करतात आणि ठोकणारं यंत्र विकतात. मला याचा राग येतो, कारण ‘लहर’ या एका शब्दाआड ही अदलाबदल सहज लपून जाते.

मित्राने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हंजे घिऊ नको म्हणताय."

मी म्हटलं, घेण्या-न घेण्यापेक्षा मोठी गोष्ट आहे, बसा.

ताठरता हा रक्ताचा खेळ आहे. मेंदूकडून इशारा येतो, मज्जातंतू आणि रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडतं, धमन्यांचे स्नायू सैलावतात, रक्त आत भरतं आणि बाहेर नेणाऱ्या शिरा दाबल्या जातात. या वायूचं शरीरातलं काम उलगडणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना १९९८ चं नोबेल मिळालं. त्याच वर्षी सिल्डेनाफिल (व्हायाग्रा) ही ताठरतेची गोळी बाजारात आली. तीही याच साखळीत काम करते. मधुमेह, वाढलेला रक्तदाब, तंबाखू, कोलेस्टेरॉल ही सगळी त्या अस्तरावर घाव घालतात. आणि तिथली धमनी असते एक-दोन मिलिमीटरची, हृदयाची तीन-चार मिलिमीटरची. अस्तर सगळीकडे सारखंच खराब होत असलं, तरी बारीक नळी आधी तुंबते. त्यामुळे ही तक्रार अनेकदा हृदयविकाराच्या दोन ते पाच वर्षं आधी दिसते. सगळ्यांच्या बाबतीत नाही. पहाटे आपोआप ताठरता येत असेल, म्हणजे रक्ताची वाट शाबूत असेल, तर ताण, धास्ती, घरातला अबोला यांच्याकडे आधी बघावं लागतं. पण मधुमेही माणसाने आपली तक्रार खोक्यात बंद करून ठेवणं मला धोक्याचं वाटतं.

गोळीही मेडिकलमधून परस्पर आणू नये. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी जो घेतो, त्याचा रक्तदाब दोन्ही मिळून जिवावर बेतेल इतका उतरू शकतो.

मिरज आपल्यापासून दहा किलोमीटर. १८९४ मध्ये डॉ. वानलेस यांनी तिथे इस्पितळ उभारलं, तेव्हापासून कर्नाटकातूनही माणसं रेल्वेने उपचाराला येतात. आपण मात्र या एका दुखण्यासाठी कुरिअरची वाट बघतो.

मित्र जायला तयार झाला, पण एक अट घातली. नंबर लावताना तक्रार काय ते रिसेप्शनवर मोठ्याने सांगायचं नाही. मी ‘शुगरची तपासणी’ एवढंच सांगितलं. आत गेल्यावर त्याचं तो बोलला. तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीएवनसी) सव्वानऊ टक्के, म्हणजे बरीच जास्त निघाली, रक्तदाबही वाढलेला. आता ईसीजी झाला आहे, पुढची तारीख सोमवारची. या वेळी वहिनीही बरोबर येणार आहेत.