भिंतीपेक्षा काच जास्त: हार्डविक हॉलचं बांधकाम

दगडी घराच्या बाहेरच्या भिंतीला दोन कामं असतात. मजल्यांचं आणि छपराचं ओझं पेलायचं, आणि थंडी-वारा बाहेर ठेवायचा. तिला जितक्या खिडक्या पाडाल तितकी ती दोन्ही कामांत उणी पडते. इंग्लंडच्या डर्बीशरमध्ये टेकडीवर उभा असलेला हार्डविक हॉल समोरून पाहिला, तर हा नियम तिथे कुणी मानलाच नाही असं वाटतं. तीन मजले, सहा मनोरे, आणि दगड दिसतो तो खिडक्यांच्या मधे मधे. ‘हार्डविक हॉल, भिंतीपेक्षा काचच फार’ अशा अर्थाचं इंग्रजी यमक लोकांच्या तोंडी आजही आहे.

1590 च्या दशकात हे घर बांधून घेतलं श्रूजबरीची काउंटेस एलिझाबेथ हिने. सगळे तिला बेस ऑफ हार्डविक म्हणतात. चार लग्नांतून तिची श्रीमंती वाढत गेली आणि शेवटच्या नवऱ्याच्या मृत्यूनंतर पैसा पूर्णपणे तिच्या हाती आला. मनोऱ्यांच्या माथ्यावर तिची ‘ई एस’ (एलिझाबेथ श्रूजबरी) ही आद्याक्षरं दगडात कोरून उभी केली आहेत. आराखडा रॉबर्ट स्मिथसनचा मानतात. तो गवंडीकामातून वर आलेला माणूस, आणि दगड किती सोसतो याची त्याला हातानेच जाण असणार, हे या घरात पावलोपावली जाणवतं.

मग ओझं गेलं कुठे? बरंचसं आत. त्या काळी चुली आणि धुराडी बहुधा बाहेरच्या भिंतीत असत, म्हणजे भिंतीचा मोठा भाग त्यांनीच अडवलेला. हार्डविकमध्ये धुराड्यांचा मोठा भार घराच्या मधून लांबवर जाणाऱ्या जाड भिंतीत नेला आहे. हाच घराचा कणा. तुळयांचं एक टोक या कण्यावर टेकतं, तर दुसऱ्या टोकाला खिडक्यांमधले भक्कम दगडी खांब पुरतात. शिवाय दर्शनी भिंत सरळसोट नाही, मनोऱ्यांपाशी ती पुढे-मागे वळते. सपाट कागद उभा राहत नाही, घडी घातलेला राहतो. वाऱ्याच्या दाबाला तोंड देण्यासाठी या वळणांचा उपयोग तसाच होतो.

खिडक्यांच्या उंचीत तर मला या घरातली सर्वांत सुंदर गोष्ट दिसते. तळमजल्यावर त्या बेताच्या, मधल्या मजल्यावर उंच, आणि सर्वांत वर अतिशय उंच. कारण मानमरातबाचं होतं: खाली नोकरचाकर, मधे कुटुंब, आणि वर राणीचंही स्वागत करता येईल अशी दालनं. पण बांधकामाच्या दृष्टीनेही हेच बरोबर आहे. वर जावं तसं भिंतीवरचं ओझं कमी होतं, म्हणजे दगड काढून काच बसवायची मोकळीक वरच्या मजल्यावरच सर्वांत जास्त. मात्र बाहेरून सगळं सममित दिसलं पाहिजे या हट्टापायी काही खिडक्या खोट्या आहेत. काचेच्या मागे धुराडं आहे.

एवढी काच बेसच्या स्वतःच्या काचभट्टीतून आली. मोठे तक्ते करण्याची सोय तेव्हा नव्हती. त्यामुळे लहान लहान तुकडे शिशाच्या पट्ट्यांत गुंफून जाळी करत आणि ती दगडी चौकटीत बसवत. शिसं मऊ असल्याने वाऱ्याने किंवा उष्णतेने चौकट किंचित हलली तरी काच तडकत नाही. पण तेच शिसं काळाच्या ओघात थकतं, वाकतं, आणि जाळी उतरवून पुन्हा बांधावी लागते.

या प्रकाशाची किंमत थंडी होती. जाड दगडी भिंतीपेक्षा एकेरी काचेतून उष्णता कितीतरी वेगाने बाहेर जाते. घरातल्या सामानाची 1601 ची यादी आजही उपलब्ध आहे. बेसच्या बिछान्याभोवतीचे पडदे आणि तिच्या पांघरुणांचे थर वाचले की हिवाळ्याचा अंदाज येतो.

दुसरी किंमत हळूहळू कळली. वरच्या लांब गॅलरीत, म्हणजे लांबलचक दालनात, बायबलमधल्या गिदियनच्या कथेच्या तेरा चित्रजवनिका, म्हणजे चित्रं विणलेले भिंतीवरचे मोठे पडदे, आहेत. 1592 मध्ये बेसने त्या राणी एलिझाबेथचा दरबारी सर ख्रिस्टोफर हॅटन याच्या वारसाकडून विकत घेतल्या आणि त्यांवरची हॅटनची कुलचिन्हं झाकावी लागणार म्हणून पाच पौंड सूटही मिळवली. अशा जुन्या विणकामात हिरवा रंग बहुधा निळ्यावर पिवळा चढवून करत. पिवळा रंग प्रकाशाने आधी उडतो, निळा टिकतो, आणि चारशे वर्षांत झाडं निळी होतात. प्रकाशाचं हे नुकसान साठत जातं आणि परत फिरवता येत नाही. म्हणून ज्या घराचं सारं कौतुक उजेडाचं, तिथे आज पडदे ओढून दालनं मंद ठेवावी लागतात. या तेरा जवनिकांच्या संवर्धनाला चोवीस वर्षं लागली, ते 2023 मध्ये पूर्ण झालं.

घर 1959 पासून नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या ब्रिटिश संस्थेकडे आहे आणि ‘ग्रेड वन’ या सर्वोच्च श्रेणीत संरक्षित आहे. संरक्षण आतून आणि बाहेरून, दोन्हीकडचं. त्यामुळे थंडी वाजते म्हणून जुन्या जाळ्या काढून दुहेरी काच बसवणं हा सोपा उपाय इथे चालत नाही. घराच्या रूपाला धक्का लावणाऱ्या कुठल्याही बदलाला आधी रीतसर परवानगी लागते. माझ्या मते ते योग्यच आहे. स्मिथसनची कल्पकता खिडकीच्या आकारात जितकी आहे, तितकीच ती त्या पातळ, डगमगत्या, शिशाने जोडलेल्या काचेतही आहे.