आरोग्याचं कळणं वेगळं, अंगवळणी पडणं वेगळं

मालवणजवळच्या वाडीत माझी काकू राहते. शाळा दुसरीपर्यंत. पण सकाळची पेज, दिवसभराचा परड्यातला राबता आणि दिवेलागणीनंतर लगेच जेवण, हे तिचं कधी चुकलं नाही. तिच्या मुलाच्या मोबाइलवर आरोग्याचे ढीगभर व्हिडिओ आहेत, आणि तिठ्यावर जायचं तरी तो गाडी काढतो. दोघांतलं आरोग्यसाक्षर कोण? माझ्या मते दोघंही अर्धेच.

आरोग्यसाक्षरता म्हणजे माहिती मिळवणं, समजून घेणं, पारखणं आणि आपल्या निर्णयात वापरणं. सार्वजनिक आरोग्याचे अभ्यासक डॉन नटबीम यांनी २००० साली तिच्या तीन पायऱ्या मांडल्या: वाचून समजणं, दुसऱ्याशी बोलून-विचारून घेणं आणि ऐकलेलं तपासून पाहणं. सवय म्हणजे विचार न करता हात जे करतो ते. काकूकडे सवय आहे, मुलाकडे माहिती. साक्षरता या दोन्हींच्या मधली वाट आहे.

मिठाचंच बघा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, म्हणून आपल्याकडे आगोटीला, म्हणजे पावसाच्या तोंडावर, सुकं मासळी भरून ठेवायची रीत. काकूला रक्तदाब निघाला तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, मीठ कमी करा. तिने आमटीतलं मीठ कमी केलं. पुढच्या खेपेला विचारलं तर म्हणाली, "मीठ मी कमीच खातंय." ती खरंच बोलत होती. पण ताटात पेजेसोबत खारा बांगडा होता, मिठाच्या थरांत मुरवलेला, आणि त्याला ती मीठ म्हणतच नव्हती. नुसते उन्हात वाळवलेले बोंबील वेगळे आणि खारवलेला बांगडा वेगळा, हा फरक तिला कुणीही समजावून सांगितला नव्हता. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे चहाचा जेमतेम एक चमचा. त्यात खारं, लोणचं, पापड सगळं आलं. पाकिटावर मीठ नाही, सोडियम लिहिलेलं असतं. त्याला अडीचने गुणलं की मीठ कळतं: ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे १ ग्रॅम मीठ.

रक्तदाबाच्या गोळीचंही तसंच. यंत्रावर १३०/८० दिसलं की माणसं म्हणतात, "आता बरा आसा, गोळी कित्याक?" म्हणजे कशाला. आकडा वाचता आला, पण तो गोळीमुळेच खाली आलाय हे समजलं नाही. चांगले शिकलेले लोकही इथेच फसतात, हे मी घरात पाहिलंय.

उलट बाजूही मला तितकीच महत्त्वाची वाटते. सगळं समजलं तरी सवय लागेलच असं नाही. पहाटे जेट्टीवर लिलावाला उभी राहणारी आणि दुपारपर्यंत टोपली घेऊन फिरणारी बाई "रोज सकाळी चाला" या सल्ल्याचं काय करणार? तिला वेळेवर जेवण आणि थोडी विश्रांती कशी मिळेल, ते बोलायला हवं. काकूच्या मुलाचा प्रश्न निराळा. नांगरणाऱ्या आजोबांना भाताचा डोंगर पचत होता. नांगर गेला, ताट तेवढंच राहिलं. आयुष्य असं बदलतं तेव्हा जुनी चांगली सवयसुद्धा पुन्हा तपासावी लागते, आणि ते काम साक्षरतेचं.

यंदा पावसात गेलो तर काकूच्या ओट्यावर खाऱ्याचे दोन तुकडे पाण्यात भिजत होते. "दोनदा पाणी बदललंय," म्हणाली. सगळं मीठ निघत नाही हे तिला गावच्या आरोग्य स्वयंसेविकेने, आशाताईने सांगितलंय, म्हणून खारं आता फक्त रविवारी.